मदत हवी आहे: आजोबांचा १९४३ चा फौजी चाकू, एक पातं उघडत नाही

करवीरकर७

मंडळी, नमस्कार.

आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते आणि दुसऱ्या महायुद्धात इटलीत होते, एवढंच आमच्या घरात सगळ्यांना माहीत. माळ्यावरची त्यांची ट्रंक आवरताना घडीचा एक चाकू निघाला. चांगला जड आहे. मूठ काळी, तिच्यावर बारीक चौकड्या कोरलेल्या, त्यामुळे हातात घट्ट बसते. एका टोकाला कडी. मुख्य पातं रुंद, पण त्याला टोकच नाही: धार सरळ आणि पाठ पुढे येऊन खाली वळलेली. दुसरं आखूड पातं डबा फोडायचं असावं, ते गंजून आत बसलंय, नखाच्या खाचेत नाणं घालूनही हललं नाही. आणि पाठीला मुठीच्या लांबीचं जाडजूड दाभण! पात्याच्या बुडाशी १९४३ आणि एक बाण उमटवलाय.

शेजारचे काका म्हणतात जर्मन असणार, लढाईत मिळालेला. मला पटत नाही. वडिलांकडे एक लाल स्विस चाकू आहे, तो शेजारी ठेवला तर दोन्हींत सारखं काही दिसतच नाही. त्यात कात्री, बूच काढायचा स्क्रू, चिमटा, दात कोरायची काडी. दाभण मात्र इवलंसं. हे दाभण होतं कशासाठी आणि पुढे गेलं कुठं?

उद्यमनगरातला एक बफिंगवाला म्हणतो, "द्या, आरशासारखा करून देतो." देऊ का?

दुधाळीकर

आधी बाणाचं सांग भावा. तीन रेघांचा आहे काय?

करवीरकर७

हो, तीन रेघा. कोंबडीच्या पायासारखा.

पोलाद

मग जर्मन नाही. तो बाण म्हणजे ब्रिटिश सरकारी मालाची खूण. बंदुकीपासून पाण्याच्या बाटलीपर्यंत सगळ्यावर असायची. चाकू आजोबांना पलटणीतूनच मिळालेला असणार. तुमच्या काकांची गोष्ट जास्त रंगतदार आहे, पण काय करणार!

दाभणाचं मूळ जहाजावर. दोरखंडाचे पीळ सोडवायला, दोन दोर एकमेकांत विणायला, ओली गाठ सैल करायला खलाशी असा टोच्या वापरायचे. पात्याला टोक नसणं हीही तिकडचीच सोय. हलत्या डेकवर चुकून कुणाच्या पोटात जाऊ नये, आणि दोर फळीवर ठेवून पात्याच्या पाठीवर ठोका मारला की एका घावात तुटावा. फौजेत तंबूचे दोर, खेचरांचे पट्टे, ताडपत्री अशी कामं तीच, म्हणून नमुनाही तोच राहिला. डबाबंद शिधा आला तसं डबा फोडायचं पातं जोडलं गेलं. मुठीला आधी शिंग वापरायचे, मग फायबर, मग प्लास्टिक. युद्धाच्या शेवटाकडे तर मुठीवर काहीच न चढवलेला, संपूर्ण पोलादी नमुनाही निघाला, आणि त्यात दाभणाऐवजी सपाट स्क्रूड्रायव्हरवर भागवलं. दोरापेक्षा स्क्रू वाढले, एवढंच कारण मला दिसतं.

वडिलांच्या चाकूची वंशावळ वेगळी. स्विस सैन्याला १८८९ ची नवी रायफल मिळाली, ती खोलायला स्क्रूड्रायव्हर लागायचा. म्हणून १८९१ मध्ये सैनिकांच्या हाती जो चाकू आला त्यात पातं, टोच्या, डबा फोडायचं हत्यार आणि स्क्रूड्रायव्हर होतं. मूठ लाकडी. लाल चाकू हा त्याचा धाकटा भाऊ, १८९७ चा. चाकू बनवणाऱ्या स्विस कार्ल एल्सेनर यांनी पाठीची एकच स्प्रिंग दोन्ही बाजूंच्या हत्यारांना पुरेल अशी बसवली. जागा वाचली, वजन वाचलं आणि दुसरं छोटं पातं व बूच काढायचा स्क्रू मावला. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली खरी अक्कल ती स्प्रिंग. कात्री, करवत, भिंग ही पुढची भरती. फुलीच्या टोकाचा स्क्रूड्रायव्हर तर फिलिप्स स्क्रू १९३० च्या दशकात आल्यावरच शक्य झाला.

अजून एक फरक पोलादाचा. १९२१ पासून एल्सेनर यांची स्विस कंपनी स्टेनलेस वापरू लागली. आजोबांचं पातं बहुधा साधं कार्बन पोलाद असेल. कैरीची फोड कापून बघा, काळं पडलं की समजायचं.

लेथवाला

बफिंगला अजिबात देऊ नका. मीच बफिंगचं काम करतो म्हणून सांगतो. चाक फिरलं की बाण आणि १९४३ दोन्ही जाणार, वर कडा गोल होतील. काळपट निळसर डाग राहू द्यात, ते पोलादाचं रक्षण करतात. काढायचा तो फक्त लाल गंज.

सांध्यात रॉकेल सोडा आणि रात्रभर ठेवा. सकाळी पितळेची पट्टी खाचेत घालून हळू उचला. लोखंडी स्क्रूड्रायव्हर घालाल तर खाचेची कड तुटेल. नाही हललं तर परत रॉकेल. मूठ प्लास्टिकची असू शकते, त्यामुळे बर्नर लावून गरम करायच्या भानगडीत पडू नका. सुटल्यावर घाण पुसून मशीनच्या तेलाचा एक थेंब बास. धार दगडावर लावा, रस्त्यावरच्या चाकावर नको, पातं तापून पाणी उतरतं, म्हणजे पोलाद मऊ पडतं.

दुधाळीकर

आणि ही स्विस कंपनी बिनपात्याच्या उपकरणाचा विचार करत होती, २०२४ ला बातमी होती. कितीतरी देशांत चाकू बाळगण्यावर बंधनं आलीत म्हणे. पातंच नाही तर त्याला चाकू कशाला म्हणायचं राव?

करवीरकर७

पोलाद सर, लेथवाले दादा, आभारी आहे. दुसऱ्या रात्रीच्या रॉकेलनं पातं सुटलं. आतली धार जवळपास कोरी आहे, म्हणजे डबे फारसे फोडलेले दिसत नाहीत. काकांना बाणाचं सांगितलं, त्यांनी विषय बदलला.

आता एकच अडचण. मुख्य पातं उघडल्यावर आडवं डुगडुगतं. रिव्हेटवर हातोडीचा एक ठोका देऊ का?

लेथवाला

घरी नको. खाली टेकू नीट नसला तर मूठ तडकते. दुकानात घेऊन या, छोट्या ऐरणीवर दोन्ही बाजूंनी हलके ठोके देऊ. आणि येताना दाभणालाही तेल लावून आणा, तेही जाम असणार.