‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ : कृष्णधवलच पाहावा की रंगीतही चालेल?

धागालेखिका : नाताळ जवळ आला की आमच्याकडे दिग्दर्शक फ्रँक कॅप्रा यांचा १९४६ चा हा कृष्णधवल चित्रपट लागतोच. यंदा मैत्रिणीकडे त्याची नंतर रंगवलेली आवृत्ती पाहिली आणि मन खट्टू झाले. पुलावरचा प्रसंग आठवा : आपण जन्मलोच नसतो तर गावाचे काय झाले असते हे पाहून हादरलेला नायक जॉर्ज आयुष्य परत मागतो, थांबलेला बर्फ पुन्हा पडू लागतो, ओठातून रक्त येते आणि खिशात धाकट्या मुलीच्या फुलाच्या पाकळ्या हाताला लागतात. हे सारे काळोख आणि पांढरा बर्फ यांच्या जोरावर उभे आहे. रंगीत आवृत्तीत माझी नजर जॉर्जच्या डोळ्यांवरून ढळून त्याच्या गुलाबी गालांवर गेली.

प्रतिसाद १ : मी असहमत आहे. आम्ही न्यू जर्सीत राहतो. माझी नऊ वर्षांची मुलगी कृष्णधवल चित्र दिसले की उठून जात असे. रंगीत आवृत्ती तिने शेवटपर्यंत पाहिली, पाकळ्या सापडल्या तेव्हा ती रडली, आणि पुढच्या वर्षी मूळ आवृत्ती तिने स्वतःहून मागितली. शिवाय प्रदर्शित झाला तेव्हा हा चित्रपट तोट्यात गेला होता. १९७४ मध्ये त्याच्या स्वामित्वहक्कांची (कॉपीराइटची) मुदत वाढवायची राहून गेली आणि दूरचित्रवाणी केंद्रे तो दर नाताळात दाखवू लागली, म्हणून तो घराघरांत पोहोचला. मूळ प्रत शाबूत असताना रंगाने नेमके काय बिघडते?

प्रतिसाद २ : बिघडते ते प्रकाशयोजनेचे. चित्रीकरण १९४६ च्या उन्हाळ्यात झाले, आणि तेव्हा बर्फ म्हणून वापरल्या जाणाऱ्या, पायांखाली कुरकुरणाऱ्या रंगवलेल्या कॉर्नफ्लेक्सऐवजी आग विझवण्याचा फेस व साबण वापरून बर्फ तयार केला गेला, जेणेकरून संवाद तिथेच ध्वनिमुद्रित करता यावेत. तो फेस खराखुरा बर्फ वाटतो, कारण त्यावरचा उजेड करड्या छटांचा हिशेब करून टाकलेला आहे. जॉर्जची भूमिका करणारे जेम्स स्ट्युअर्ट यांनीही रंगवण्याला जाहीर विरोध केला होता.

प्रतिसाद १ : मग २००४ मध्ये रंगीत होऊन आलेल्या ‘मुघल-ए-आझम’चे काय?

प्रतिसाद २ : तिथे दिग्दर्शक के. आसिफ यांनाच रंग हवा होता आणि शीशमहालातले गाणे त्यांनी रंगीतच चित्रित केले होते. कॅप्रा यांनी मात्र रंगीत आवृत्तीला विरोध केला होता.

धागालेखिका : आपल्या मुलीचा अनुभव मला मान्य आहे. तरीही पहिल्यांदाच पाहणाऱ्याला, आपण पाहतो आहोत तो रंग नंतर चढवलेला आहे, हे सुरुवातीलाच स्पष्ट सांगितले जावे. माझ्या मैत्रिणीला ते ठाऊकच नव्हते.