थिअरी पाठ, तरी गुण कुठे जातात?

वर विचारलंय की व्याख्या तोंडपाठ असूनही आयटीच्या पेपरात गुण का कमी पडतात. बहुतेकदा ते स्प्रेडशीटमध्ये जातात. समजा सवलतीचा दर बी१ या सेलमध्ये आहे. सूत्र खाली ओढलं की बी१ चा बी२, बी३ होतो. ते सेल रिकामे असले की पहिली ओळ बरोबर आणि पुढे सगळीकडे शून्य! म्हणून अक्षराआधी आणि आकड्याआधी, दोन्हीकडे डॉलरचं चिन्ह हवं ($B$1), म्हणजे सूत्र ओढलं तरी तो सेल बदलत नाही. सूत्र लिहिताना त्या संदर्भावर कर्सर ठेवून एफ४ दाबलं की दोन्ही एकदम लागतात. हा सराव कागदावर होत नाही, हाताने दहा वेळा कराच.

डेटाबेसमध्ये फोन नंबरचा प्रकार टेक्स्ट ठेवा. नंबर ठेवला तर सुरुवातीचं शून्य गळतं.

बायनरीसाठी, म्हणजे संख्या फक्त ० आणि १ मध्ये लिहिण्यासाठी, आधी १२८, ६४, ३२, १६, ८, ४, २, १ अशी घरं आखा. १५६ म्हणजे १२८+१६+८+४, म्हणून १००१११००. चार-चार बिट्सचे (० किंवा १ चे) गट पाडले की हेक्साडेसिमल, म्हणजे १६ च्या पायातली संख्या, लगेच मिळते: १००१ चा ९ आणि ११०० चा सी, म्हणून ९सी. ही घरं न आखता मनातल्या मनात केलं की एखादं शून्य हमखास सुटतं.

चित्राच्या फाइलचा आकार काढताना ८ ने भागायला विसरू नका: ८००×६०० पिक्सेल आणि प्रत्येक पिक्सेलला २४ बिट्स, म्हणजे ८००×६००×२४ हे बिट्स झाले, बाइट्स १४,४०,०००.

व्हॅलिडेशन (माहिती नियमात बसते का ते तपासणं) आणि व्हेरिफिकेशन (ती मूळ माहितीशी जुळते का ते तपासणं) यांतला फरक मात्र उदाहरणासकट लिहा. जन्मतारीख मर्यादेत बसते, तरी ती चुकीची असू शकते.