हेड, पिस्टन, व्हॉल्व्ह स्प्रिंग ॲसिडमध्ये टाकले तर चालतील का?

नवा_गॅरेजवाला: १०० सीसी मोटरसायकलचं इंजिन उघडलंय. हेड आणि पिस्टनवर कार्बनचा जाड थर आहे, व्हॉल्व्ह स्प्रिंगा गंजल्यात. संडास साफ करायचं ॲसिड पाण्यात मिसळून सगळं रात्रभर बुडवू का?

बोअर_पिस्टन: अजिबात नको. हेड-पिस्टन ॲल्युमिनियमचे. त्या बाटलीत हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. ते आधी वरचा ऑक्साइडचा पापुद्रा खातं, मग धातू. फेस येतो तो हायड्रोजनचा. मळ निघतोय असं वाटतं, पण जात असतो धातू. गॅस्केटची (सांधा हवाबंद ठेवणाऱ्या पातळ पट्टीची) बैठक खडबडीत झाली की कॉम्प्रेशन गळणार, प्लगच्या आट्या सैल होणार. आणि ज्यासाठी हा खटाटोप, तो कार्बन ॲसिडात विरघळतच नाही! हेड रात्रभर रॉकेलमध्ये ठेवा, मग लाकडी पट्टी आणि पितळी ब्रशने खरवडा. कॉस्टिक सोडाही नको, तोही ॲल्युमिनियम खातो.

जुना_फिटर: स्प्रिंगांचा धोका जास्त, कारण तो दिसत नाही. ॲसिडमुळे सुटलेला हायड्रोजन कडक पोलादात शिरतो आणि पोलाद ठिसूळ होतं. स्प्रिंग चकचकीत दिसते आणि चालत्या इंजिनात तुटते. मग व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळू शकतो. कनेक्टिंग रॉडचे बोल्ट, डोक्यावर १०.९ किंवा १२.९ (मजबुतीचा दर्जा) लिहिलेले बोल्ट, बेअरिंग, चेन यांनाही हेच लागू. प्लेटिंगवाले ॲसिडनंतर असे भाग २०० अंशांच्या आसपास काही तास भाजतात, पण गंजाने खड्डे पडलेली स्प्रिंग भाजूनही वाचत नाही. नवीन टाका.

नवा_गॅरेजवाला: मग साइड स्टँड, ब्रॅकेट यांचं काय? आणि कार्बोरेटर?

बोअर_पिस्टन: कार्बोरेटर नको, बॉडी बहुधा जस्ताच्या मिश्रधातूची ओतीव असते, लगेच खाल्ली जाते. साध्या लोखंडी भागांना लिंबूसत्त्व पुरतं: १ लिटर कोमट पाण्यात ५० ग्रॅम, प्लास्टिकच्या टबात. आधी डिझेल आणि साबणाने तेल काढा, तेलकट जागी गंज तसाच राहतो. दर अर्ध्या तासाने ब्रश मारून बघा, गंज सुटला की बाहेर काढा. धुवा, लिटरला २ चमचे खायच्या सोड्याच्या पाण्यात बुडवा, पुन्हा धुवा आणि लगेच कोरडं करून तेल लावा. ओलं ठेवलंत तर बघता बघता तांबूस थर चढतो.

जुना_फिटर: ॲसिडच्या टबात ब्लीच कधीच ओतू नका, क्लोरीन वायू सुटतो. आणि ती संडासच्या ॲसिडची बाटली हत्यारांच्या खोलीत ठेवू नका. झाकण लावलेलं असलं तरी वाफ सुटते आणि पाने, मायक्रोमीटर गंजतात.