मदत हवी आहे: नोकरी सोडून जुन्नर तालुक्यात जायचंय, दरमहा हातात पैसे कशातून येतील?

नमस्कार मंडळी,

मी आणि नवरा दोघंही पुण्यात आयटीत आहोत. जावं की नाही हा प्रश्न उरलेला नाही, जायचं ठरलंय. त्यामुळे "गावात काही राहिलं नाही" आणि "वा, धाडसी निर्णय" हे दोन्ही प्रतिसाद कृपया राहू द्या. मला फक्त पैशाचं विचारायचंय.

ओतूर–आळेफाटा पट्ट्यात सासऱ्यांची सव्वादोन एकर जमीन आहे. विहीर चुलतसासऱ्यांबरोबर सामाईक, पाण्याची पाळी ठरलेली. सासरे कांदा आणि टोमॅटो करतात, पुढेही करतील. पण त्या पैशावर महिन्याचं घर चालत नाही. २०२३ च्या जुलैत नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचा क्रेट दोन हजारांवर गेला होता आणि सप्टेंबरात तोडणीची मजुरी निघेना. मुलीच्या शाळेची फी अशी वर-खाली होत नाही. फ्लॅट भाड्याने दिला की त्याचा हप्ता जेमतेम सुटेल. साधारण दीड वर्षाचा घरखर्च बाजूला आहे.

डोक्यात चार-पाच संकरित गायी किंवा शेळ्या आहेत. नवऱ्याचा ओढा कृषी पर्यटनाकडे. जुन्नर २०१८ पासून विशेष पर्यटन तालुका आहे, शिवनेरी आणि लेण्याद्री जवळ, हे त्याचं म्हणणं. मला ते शनिवार-रविवारचं उत्पन्न वाटतं. तिसरा विचार कांदा-टोमॅटो वाळवून पावडर करण्याचा, पण ती घेणार कोण हे ठाऊक नाही.

ज्यांचं घर खरंच यातल्या एखाद्या धंद्यावर चालतंय त्यांनी सांगावं, पहिला पैसा किती दिवसांनी हातात आला? आणि एक अडचण: सातबाऱ्यावर नवऱ्याच्या दोन आत्यांची नावं आहेत. त्याने काही अडेल का?

प्रतिसाद

ताई, दरमहा पैसा हवा तर दूधच. संकलन केंद्रावर बहुतेक ठिकाणी दहा दिवसांनी बिल मिळतं. पण पाच गायी म्हणजे पाच दुभत्या गायी नव्हेत. विण्याआधी दोनेक महिने गाय आटवावीच लागते, म्हणजे दूध काढणं बंद करावं लागतं, शिवाय एखादी वेळेवर गाभ जात नाही. पाचातल्या चार दुधावर धरून हिशोब करा. खर्चात सर्वात मोठा वाटा चारा आणि पशुखाद्याचा, साठ-सत्तर टक्के. एका गायीला रोज वीसेक किलो हिरवा चारा लागतो, तेव्हा गायी आणायच्या आधी नेपिअर हे चाऱ्याचं गवत लावा. चारा विकत घेऊन दूध घालणारा माणूस डेअरीसाठी राबतो. मुक्तसंचार गोठा, म्हणजे गायी न बांधता कुंपणात मोकळ्या ठेवायच्या, असा केलात तर शेण-झाडलोटीचे कष्ट बरेच वाचतील. तरी पहाटेची धार चुकत नाही, मग घरात लग्न असो नाहीतर मयत.

शेळीचं गणित वेगळं. गाभण काळ पाच महिने, मग करडू विक्रीला येईपर्यंत आणखी सात-आठ. म्हणजे वर्षभर खर्चच. आणि तुमचा भाग बिबट्याचा! वरून जाळी आणि भक्कम दार असलेला बंदिस्त गोठा नसेल तर शेळ्यांचं नावच काढू नका.

नारायणगावला कृषी विज्ञान केंद्र आहे, तिथे आधी जाऊन बसा. चौकशीला पैसे पडत नाहीत.

प्रतिसाद

आत्यांच्या नावांबद्दल: शेती करायला अडत नाही, कर्जाला अडतं. जमीन तारण द्यायची तर बँक सगळ्या सहहिस्सेदारांची संमती मागते. हक्कसोडपत्र करायचं झालं तर ते नोंदणीकृत लागतं, मग तलाठ्याकडे फेरफार. पण पुण्याहून सामान उतरवल्या उतरवल्या त्यांच्यापुढे कागद ठेवू नका. वर्षभर राहा, माहेरपणाला बोलवा, मग सासऱ्यांनाच विषय काढू द्या.

पावडरीसाठी केंद्राची सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजना २०२० पासून आहे. प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख अनुदान. मात्र ते कर्जाशी जोडलेलं असतं आणि लगेच हातात पडत नाही, त्यामुळे ते खेळतं भांडवल समजू नका. गिऱ्हाईक नक्की नसेल तर यंत्र घेऊच नका, हे माझं स्पष्ट मत.

आणि दुधाचं उत्पन्न आयकराच्या दृष्टीने शेतीचं उत्पन्न धरत नाहीत. हिशोब वेगळा ठेवा.

प्रतिसाद

दोघांनी एकदम राजीनामा देऊ नका. एकाने घरून काम चालू ठेवावं. कंपनीचा आरोग्य विमा नोकरीबरोबर संपतो, आणि सासू-सासरे त्यातच असतील तर आधी स्वतंत्र पॉलिसी काढा. जुन्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. विम्याचा मुद्दा आमच्या यादीतच नव्हता, सासूबाईंना मधुमेह आहे. नवऱ्याची नोकरी घरून चालू राहील असं दिसतंय, राजीनामा मी देईन. चाऱ्यासाठी अर्धा एकर सोडायला सासरे तयार आहेत, पण उन्हाळ्यात विहिरीची पाळी पुरेल असं त्यांना वाटत नाही. मग पहिल्या वर्षी दोनच गायी घेऊन पावसाळ्यात मक्याचा मुरघास (हवाबंद साठवून मुरवलेला हिरवा चारा) करून ठेवला तर चालेल का? दोन गायींसाठी किती करावा लागेल, आणि पिशवीत करावा की खड्ड्यात?