भाचीची पीएचडी : औषध करणारी लॅब की जेली करणारी?

खारघरचा मामा (धागाकर्ता)

माझी भाची बायोटेकमध्ये एमटेक झाली, नेट-जेआरएफ (संशोधनाची सरकारी फेलोशिप) काढली आणि आता जैव-अभियांत्रिकीच्या दोन लॅबमधून तिला होकार आलाय. एका लॅबमध्ये कर्करोगावरच्या पेशी-उपचारांचं काम चालतं. दुसरीत म्हणे पेशी मऊ जेलवर ठेवायच्या, मग कडक जेलवर ठेवायच्या आणि त्या काय करतात ते बघत बसायचं. पोरीचा ओढा दुसरीकडे. मी म्हटलं, अगं, पाच वर्षं जेलीवर घालवणार?

मला असं वाटायला कारण आहे. अ‍ॅक्ट्रेक हे टाटा मेमोरियलचं कर्करोग केंद्र माझ्या रोजच्या वाटेवर आहे. बाहेर गावाकडून आलेली माणसं रिपोर्टची पिशवी मांडीवर घेऊन बसलेली असतात. जून २०२१ मध्ये देशातली पहिली कार-टी उपचारपद्धती तिथेच दिली गेली. आयआयटी मुंबईत राहुल पुरवार यांच्या लॅबमध्ये ती घडली, टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी चाचण्या केल्या आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये नेक्सकार१९ या नावाने तिला परवानगी मिळाली. रुग्णाच्याच टी-पेशी (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) काढायच्या, विषाणूपासून केलेल्या वाहकाने त्यांत नवं जनुक घालायचं, म्हणजे त्या रक्ताच्या कर्करोगातल्या पेशींवरचा सीडी१९ हा रेणू ओळखतात. मग त्या वाढवून रुग्णाला परत द्यायच्या. अमेरिकेत ज्याला तीन-चार कोटी मोजतात, ते इथे तीस-चाळीस लाखांच्या घरात आलं. तेही थोडे नाहीत, पण फरक बघा.

जेआरएफला महिना ३७,००० आणि पुढे एसआरएफला (फेलोशिपच्या वरच्या टप्प्याला) ४२,००० रुपये आपण सगळे मिळून देतो. इंजिनिअरिंगची पीएचडी म्हणता ना, मग काहीतरी बनवा की! मंडळी, माझं चुकतंय का?

पिपेटधारी

मामा, चुकतंय. आणि तुमच्याच उदाहरणात चुकतंय.

टी-पेशीला बाहेरून ग्राहक (रिसेप्टर, म्हणजे लक्ष्य ओळखणारा रेणू) बसवता येतो, हे इस्रायलच्या वाइझमन संस्थेत झेलिग एशहार यांच्या गटाने दाखवलं १९८९ मध्ये. अमेरिकेत पहिल्या कार-टी उपचाराला परवानगी मिळाली ऑगस्ट २०१७ मध्ये. मधली अठ्ठावीस वर्षं कोणाच्या जिवावर गेली? ज्यांच्या मामांनी "हे कशाला करतोस" असं विचारलं असेल अशाच पोरांच्या. नेक्सकार१९ मध्येही निम्मी गंमत जुन्या मूलभूत कामाची आहे. सीडी१९ ओळखणारा प्रतिपिंडाचा तुकडा मुळात उंदराचा. तो मानवी प्रथिनासारखा करून घेतला, म्हणजे शरीर त्याला परका समजण्याची शक्यता कमी. हे सुचायला प्रतिपिंडं आतून माहीत असावी लागतात.

आता जेली. २००६ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून एक पेपर आला. अस्थिमज्जेतल्या मूळपेशी (स्टेम सेल) पॉलिअ‍ॅक्रिलामाइडच्या जेलवर ठेवल्या. मेंदूइतक्या मऊ जेलवर, म्हणजे एक किलोपास्कलच्या (कडकपणाचं माप) आत, त्या चेतापेशींच्या वळणावर गेल्या. दहा-पंधरा किलोपास्कलला स्नायूंच्या, आणि तीसच्या आसपास हाडाच्या. खुराक तोच, पेशी त्याच, फक्त खालची गादी बदलली. पहिला लेखक अ‍ॅडम एंगलर तेव्हा पीएचडीचा विद्यार्थी होता. आणखी एक लेखक शमिक सेन, ते आज पवईला आयआयटी मुंबईतच प्राध्यापक आहेत. म्हणजे तुमच्या आवडत्या उदाहरणाच्या शेजारच्याच कॉरिडॉरमध्ये जेली आहे.

डाउनस्ट्रीम_दादा

मामांशी सहमत. मी बायोफार्मात आहे, मुलाखती घेतो. मूलभूत लॅबमधली मुलं हुशार असतात, वाद नाही. पण बॅच रेकॉर्ड (उत्पादनाच्या प्रत्येक घाण्याची लेखी नोंद) म्हणजे काय हे माहीत नसतं. फ्लास्कमध्ये छान वाढणारी पेशी दोनशे लिटरच्या बायोरिअ‍ॅक्टरमध्ये, म्हणजे मोठ्या टाकीत, का मरते, विचारलं की छताकडे बघतात. ऑक्सिजन पोचत नाही, ढवळलं तर पाती पेशी फाडते, बुडबुडे वेगळेच छळतात. हा अभियांत्रिकीचाच प्रश्न आहे ना? मग तो पीएचडीत का नको? परदेशी पेपर वाचून इथे जेल करण्यापेक्षा हे करा.

आणि जेलवाल्यांनो, राग मानू नका, २००६ चा पेपर २००६ मध्येच ग्रेट होता. त्यानंतर त्याच गादीवर किती जणांनी किती वेगवेगळ्या पेशी लोळवल्या ते मोजा.

पिपेटधारी

@दादा, शेवटचा टोला मान्य, बसला.

पण "बनवलं की झालं" हेही खरं नाही. आर्टेमिसिनिन आठवा. बर्कलीच्या जे कीसलिंग यांच्या गटाने यीस्टमध्ये जनुकं घालून या मलेरियाच्या औषधाचं पूर्वद्रव्य बनवलं, लिटरला पंचवीस ग्रॅमपर्यंत मजल गेली, २०१३ मध्ये सानोफीने कारखान्यात उत्पादन सुरू केलं. आणि मग हे औषध मुळात ज्या झाडापासून मिळतं त्या शेतातल्या आर्टेमिसियाचाच भाव इतका खाली आला की यीस्टचा माल महाग पडू लागला. त्या कामात पीएचडी केलेल्यांचा यात काय दोष? पण तुमच्या मापाने ते नापास.

ऐंशीउणे

दोन्ही बाजू ज्यावर बोलत नाहीत त्यावर लिहितो. मी औषधवाल्या लॅबमध्येच पीएचडी केली. संस्था सांगणार नाही.

पहिली दोन वर्षं मी हवेत होतो. आपण पेशंटसाठी काम करतोय म्हणून रविवारी सकाळी पेशींचं माध्यम बदलायला जाताना सुद्धा अभिमान वाटायचा. तिसऱ्या वर्षी निधी देणाऱ्यांनी लक्ष्य बदललं. माझा निम्मा डेटा ज्या रेणूचा होता तो रेणूच यादीतून गेला. मग पेटंट. अर्ज दाखल होईपर्यंत पेपर लिहायचा नाही, पोस्टर लावायचं नाही, बाहेरच्या मित्राशी बोलायचं नाही. अर्ज दाखल व्हायला सव्वा वर्ष. उत्पादनाला लागतात तशा त्याच चाचण्या, तीच पद्धत, वीस-वीस वेळा. त्या मी करायचो, कारण तंत्रज्ञ ठेवायला पैसे लागतात आणि मी फेलोशिपवर आयता होतो. थिसिसमध्ये "नवीन काय" या प्रकरणाला माझ्याकडे अकरा पानं होती.

फेलोशिप पाच वर्षांनी थांबली, पीएचडी थांबली नाही. साडेसहा वर्षं लागली. शेवटचं दीड वर्ष बायकोच्या पगारावर.

उत्पादन वाईट असं मी म्हणत नाही. ते औषध उद्या बाजारात आलं तर मी पेढे वाटीन. पण कंपनीचं काम करायला कंपनीचा पगार द्या, पीएचडीच्या नावाखाली करून घेऊ नका.

डाउनस्ट्रीम_दादा

ऐंशीउणे, हे वाचून वाईट वाटलं. पण हा गाइडचा दोष आहे, विषयाचा नाही. जेलीच्या लॅबमध्येही साडेसहा वर्षं लागलेले मला चार जण माहीत आहेत. एकाचं सगळं कल्चर मायकोप्लाझ्माने (एक बारीक जिवाणू) गेलं आणि ते वर्षभर कळलंच नाही. पाचव्या वर्षी.

ऐंशीउणे

गाइडचा दोष आहे, पण विषय त्या दोषाला झाकतो. "पेशंट वाट बघतायत" म्हटलं की सुट्टी मागायला तोंड राहत नाही. जेलीची कोणी वाट बघत नसतं.

बॉस्टनकर मावशी

इथे अमेरिकेत पुष्कळ जैव-विभागांत रोटेशन असतं. पहिल्या वर्षी दोन-तीन लॅबमध्ये काही आठवडे काम करायचं आणि मग गाइड ठरवायचा. मी ज्या लॅबवर भाळून आले होते तिथून सहा आठवड्यांत पळाले. तिकडे तशी सोय नसेल तर भाचीने निदान जुन्या विद्यार्थ्यांना फोन करावा. सध्याच्या नाही, जुन्या. सध्याचे गाइडसमोर बसलेले असतात. मागच्या पाच जणांना किती वर्षं लागली, मधूनच किती सोडून गेले, आणि पेटंट झालं तर नाव कोणाचं लागतं, एवढं विचारलं तरी पुरे.

अवांतर : मामा, "जेली" म्हणणं सोडा हो. मी दहा वर्षं तेच करतेय.

खारघरचा मामा

मावशी, सोडलं. जेल.

धागा भाचीला पाठवला. आधी चिडली, "मामा, तू माझं खासगी चव्हाट्यावर का मांडलंस?" मग दोन दिवस फोन करत बसली. औषधवाल्या लॅबमधून बाहेर पडलेल्या एका मुलीने सात मिनिटांत आवरतं घेतलं. वाईट काही बोलली नाही, "बघ बाई, तुझं तू ठरव" एवढंच तीनदा म्हणाली. जेलवाल्या लॅबमधला जुना मुलगा दीड तास बोलला. त्यातला तासभर जेलबद्दल. त्यालाही सहा वर्षं लागली होती, ते त्याने आपणहून सांगितलं.

माझं मत पूर्ण बदललंय असं नाही. अ‍ॅक्ट्रेकच्या बाहेरून जाताना अजून वाटतंच की हातात कला असलेल्या पोरांनी इथे यावं. पण ऐंशीउणेंच्या अकरा पानांवर माझ्याकडे उत्तर नाही.

तिने काल जेलवाल्या सरांना होकार कळवला. शनिवारी लॅब दाखवायला मलाही घेऊन जाणार आहे. चपला चालत नाहीत म्हणे, बंद बूट लागतात. माझे कुठे ठेवलेत ते शोधतोय.