थर्मोस्टॅट हाउसिंग गळत असल्यास थर्मोस्टॅट काढून टाकावा का?

प्रश्न (बीड):
माझ्या जुन्या पेट्रोल मोटारीच्या थर्मोस्टॅट हाउसिंगच्या (रेडिएटरकडे जाणारे कूलंट अडवणारी-सोडणारी झडप, म्हणजे थर्मोस्टॅट, ज्यात बसते त्या आवरणाच्या) सांध्यावर कूलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा, वाळलेला, गुलाबीसर पापुद्रा जमतो आणि मांजरसुंब्याचा घाट चढताना तापमानाचा काटा वर सरकतो. हाउसिंग प्लास्टिकचे आहे. मेकॅनिकच्या मते मराठवाड्याच्या उन्हात थर्मोस्टॅटची गरजच नाही. तो काढून सांध्याला सीलंट लावले की काम भागते. तसे करावे का?

उत्तर (लातूर):
मुळीच करू नये. बहुतेक थर्मोस्टॅटमधील मेण ८२ ते ८८ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळून फुगते आणि झडप उघडते. त्यामुळे बाहेर ४३ अंशांचे ऊन असले, तरी इंजिनच्या हिशेबाने ते थंडच असते. थर्मोस्टॅट काढल्यास इंजिन तापायला वेळ लागतो आणि इंधन जास्त जळते. शिवाय काही इंजिनांत झडप उघडताना बायपासची, म्हणजे रेडिएटर टाळून जाणारी, वाट बंद होते. अशा इंजिनात थर्मोस्टॅटच नसेल, तर बरेचसे कूलंट रेडिएटरकडे न जाता परस्पर फिरत राहते आणि गाडी घाटात उलट अधिक तापते. उष्णतेने ठिसूळ झालेल्या प्लास्टिकच्या केसासारख्या बारीक चिरेवर सीलंट टिकत नाही, कारण आत साधारण एक बारचा दाब असतो. हाउसिंग नवेच बसवावे.

उत्तर (परभणी):
सहमत. काम इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच करावे. सांध्याची बैठक ॲल्युमिनियमची असल्यास ती पेचकसाने खरवडू नये, कारण पडलेल्या चरातून पुन्हा गळती सुरू होते. ओ-रिंगला (सांध्यातील गोल रबरी कडीला) कूलंटचा हात फिरवून ती खाचेत नीट बसवावी. तिथे सीलंट लागत नाही. थर्मोस्टॅटची स्प्रिंगची बाजू सहसा इंजिनकडे असते आणि हवा सुटण्याची छोटी पिन वर येते, तरी जुना काढतानाच त्याचा फोटो घेऊन ठेवावा. बोल्ट आळीपाळीने, मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कनेच (पिळण्याच्या जोरानेच) आवळावेत. नवी हाउसिंगे बहुधा अतिजोर लावल्यानेच तडकतात. शेवटी हीटर पूर्ण गरमवर ठेवून कूलंटच्या वाटेत अडकलेली हवा काढावी.

प्रश्नकर्ता (बीड):
आभारी आहे. आतापर्यंत कूलंट कमी झाले की बोअरचे पाणीच घालत आलो आहे.

उत्तर (परभणी):
मग काढलेल्या थर्मोस्टॅटवर पांढरा, खरखरीत थर दिसेलच. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यातील क्षार झडप अडकवतात आणि रेडिएटरच्या नळ्याही बुजवतात. त्यामुळे आधी रेडिएटर फ्लश करून (आतून धुऊन) घ्यावा आणि नंतर कंपनीने सांगितलेले कूलंट डिस्टिल्ड वॉटरमध्ये मिसळून भरावे. जुने कूलंट मात्र अंगणात ओतू नये. ते गोडसर असल्याने कुत्री, जनावरे चाटतात आणि ते विषारी असते.