सल्ला न देणारा थेरपिस्ट काय करतो?

'थेरपिस्ट सल्लाच देत नसेल तर त्याच्याकडे जायचं कशाला?' हा प्रश्न रास्त आहे. मानवतावादी (ह्युमॅनिस्टिक) थेरपीत सल्ला मुद्दामच मागे ठेवतात. या पद्धतीतले अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९५७ मध्ये माणसात बदल घडायला लागणाऱ्या अटी मांडल्या. त्यांतल्या तीन थेरपिस्टबद्दल आहेत: समोरच्याला विनाअट स्वीकारणं, त्याच्या जागी जाऊन समजून घेणं आणि स्वतः मुखवटा न घालणं.

म्हणजे तुम्ही 'मला आईचा राग येतो' म्हणालात, तर 'असं बोलू नये' हे ऐकावं लागत नाही. 'राग येतो, आणि त्याबद्दल अपराधीही वाटतं, असं आहे का?' असं काहीतरी परत येतं. मग आपणच थबकतो. नाही, अपराधी नाही, एकटं वाटतं. स्वतःला दुरुस्त करण्याचा हा जो क्षण असतो ना, खरं काम तिथेच होतं.

शोधताना पाटीवरच्या शब्दांवर जाऊ नका. प्रशिक्षण कोणतं, सुपरव्हिजन (स्वतःच्या कामावर अनुभवी थेरपिस्टचं मार्गदर्शन) घेता का, हे पहिल्याच भेटीत विचारा. चांगल्या थेरपिस्टला त्याचा राग येत नाही. दोन-तीन भेटींनंतरही तोलूनमापून बोलावं लागत असेल, तर तेही त्यांनाच सांगून बघा. मात्र ओसीडी (नको असलेले विचार आणि त्याच त्या कृती पुन्हा पुन्हा होणं) किंवा पॅनिकचा (अचानक येणाऱ्या तीव्र भीतीच्या झटक्यांचा) त्रास असेल, तर मी आधी सीबीटी, म्हणजे विचार आणि वागण्याच्या सवयी बदलण्यावर थेट काम करणारी थेरपी, बघायला सांगेन.